आमचा सोंग्या

आजाऱ्याच्या समाचारास जाणे ही एक कला आहे, आणि ती ज्यांना अवगत नाही अशा लोकांचेच आजाऱ्याच्या घरी अधिक जाणे-येणे असते, असा आमचा अनुभव आहे. ही मंडळी उंबरठ्यावर क्षणभर थांबतात, चेहऱ्यावरील रेषा नीट जुळवून घेतात, आणि मग आत येऊन 'छान! तब्येत अगदी छान दिसते!' असे इतक्या मोठ्याने म्हणतात, की ज्याला आपल्या तब्येतीविषयी थोडीफार आशा असेल त्यालाही शंका यावी. नंतर उन्हाळा, हापूसचा भाव आणि पुण्यातील वाहनांची गर्दी या तीन विषयांवर बोलणे होते. चौथ्या विषयावर, म्हणजे ज्यासाठी ते आलेले असतात त्या विषयावर, ते परत जाताना फाटकापाशी हळू आवाजात बोलतात. आणि फाटकापाशी हळू आवाजात केलेले बोलणे आजाऱ्याच्या खिडकीत जितके स्वच्छ ऐकू येते तितके दुसरे काहीच येत नाही.

हे आम्ही कोणास हिणवावे म्हणून लिहीत नाही. आम्ही स्वतः आयुष्यभर हेच करीत आलो. आमच्या शाळेतील एक वृद्ध सहकारी अंथरुणास खिळले असता आम्ही दर रविवारी त्यांच्याकडे जात असू, आणि त्यांचा चेहरा आदल्या रविवारपेक्षा बरा दिसतो असे दर रविवारी सांगत असू. एकदा ते आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही वर्गात इतकं खोटं कधी बोलला नाहीत." आम्ही ते बोलणे थट्टेवारी नेले. त्याचा अर्थ कळावयास आम्हांस स्वतः आजारी पडावे लागले.

सन २०२२ च्या फेब्रुवारी महिन्यात एके सकाळी दाढी करीत असता मानेच्या डाव्या बाजूस सुपारीएवढी एक गाठ बोटांस लागली. दुखत नव्हती, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. न दुखणाऱ्या गाठीकडेच अधिक लक्ष द्यावयाचे असते हे आम्हांस पुढे कळले. दाढेचा विकार असेल म्हणून एक औषध झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या, आणि अखेर गाठीचा तुकडा काढून तपासावयास गेला. निकाल यावयास ११ दिवस लागले. लसिकाग्रंथींचा कर्करोग, तोही झपाट्याने वाढणाऱ्या जातीचा. या रोगाचे एक चमत्कारिक लक्षण असे, की त्याच्या सावकाश वाढणाऱ्या काही जाती वर्षानुवर्षे माणसाची पाठ सोडीत नाहीत, आणि ही झपाट्याने वाढणारी जात मात्र औषधाने समूळ जाऊ शकते. निम्म्याहून अधिक रोग्यांत ती जातेही. डॉक्टरीणबाईंनी हे अत्यंत स्पष्टपणे व तितक्याच सौजन्याने सांगितले. परंतु 'निम्म्याहून अधिक' या शब्दांत किती जागा रिकामी राहते, हे ज्याच्यासाठी ते उच्चारले जातात त्यालाच दिसते. दर २१ दिवसांनी एक याप्रमाणे औषधाच्या ६ फेऱ्या घ्यावयाच्या ठरल्या.

परत येताना रिक्षात कोणी बोलले नाही. घरी आल्यावर मात्र सर्वजण एकदम बोलू लागले. सौभाग्यवतींनी चहात दोनदा साखर घातली आणि आज चहा चांगला झाला आहे, असे स्वतःच म्हणाल्या. कन्येने दिवाणखान्यातील दिवे विनाकारण लावले, आणि मग ते विनाकारण मालविले. आम्हीही मागे नव्हतो. हल्ली या रोगाचे पूर्वीइतके भय उरलेले नाही, या विषयावर आम्ही उभ्याउभ्याच एक व्याख्यान दिले. तिघांपैकी प्रत्येकजण उरलेल्या दोघांसाठी सोंग करीत होता, आणि ते सोंग आहे हे तिघांनाही ठाऊक होते. इतक्यात ज्याचे नावच सोंग्या आहे त्याने प्रवेश केला.

सोंग्या हा आमचा कुत्रा. त्या वेळी तो नऊ महिन्यांचा होता. आदल्या वर्षीच्या आषाढात, पावसाची झड लागलेल्या एका संध्याकाळी, कन्येने त्यास ओढणीत गुंडाळून घरी आणले. घरात कुत्रा पाळण्यास आमचा कडवा विरोध होता आणि तो आम्ही पुरे दोन दिवस टिकविला. जात म्हणाल तर शुद्ध गावठी. रंग काळा, छाती पांढरी, पाय तांबूस. एक कान उभा आणि दुसरा, पाहुण्यांस नमस्कार करीत असल्याप्रमाणे, सदैव वाकलेला. दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तांबूस ठिपका, त्यामुळे तो झोपला तरी जागा असल्याचा भास होई. रागावले असता तो मागचा पाय लंगडत चाले. मात्र कोणता पाय लंगडावयाचा हे त्याच्या लक्षात राहत नसे, आणि अंगणाच्या या टोकास उजवा लंगडणारा सोंग्या त्या टोकास पोहोचेपर्यंत डावा लंगडू लागे. यावरून त्याचे नाव पडले.

त्याचा सर्वांत आवडता खेळ म्हणजे आमची कोल्हापुरी वहाण. उजव्या पायातील वहाणेस त्याने कधी दात लावला नाही. त्याची सारी भक्ती डावीवर होती. ती तोंडात धरून यावे, आमच्यापुढे टाकावी, पुढचे दोन्ही पाय जमिनीस टेकून मागचा भाग वर उचलावा, शेपटी हलवावी, आणि आम्ही वहाणेस हात लावताच ती घेऊन पळावे. या पवित्र्याचा प्राणिशास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. कुत्री, लांडगे व कोल्हे हे सर्व आपल्या जातभाईंस खेळावयास बोलाविताना असेच वाकतात. आणि त्याचा अर्थ असा समजतात, की 'यापुढे मी जे चावेन, गुरगुरेन, अंगावर येईन, ते सारे खोटे आहे, मनास लावून घेऊ नकोस.' म्हणजे कुत्रा सोंग करण्यापूर्वी तशी रीतसर सूचना देतो. मनुष्यजातीत ही पद्धत नाही.

तर त्या दिवशी सोंग्या आला तो डावी वहाण घेऊन. तपासणीचा निकाल असलेले मोठे पाकीट आम्ही चौरंगावर ठेवले होते. त्यावर त्याने ती लाळेने ओली झालेली वहाण नेमकी टाकली, आणि पुढचे पाय टेकून तो वाकला. आम्हांस संताप आला. पाकीट पुसावे म्हणून आम्ही वहाण उचलली. ती उचलताच तो अंगणाच्या दिशेने धावत सुटला, कारण वहाण उचलली म्हणजे ती फेकली जाणार, यात त्याच्या मते शंकेस जागाच नव्हती. आम्ही ती फेकली. का फेकली, हे आम्हांस सांगता येणार नाही. तो घेऊन आला; पुन्हा फेकली. पंधरा-वीस वेळा हे झाले असेल. मागे वळून पाहतो तो सौभाग्यवती दाराच्या चौकटीस टेकून रडत होत्या, आणि त्या रडण्यात, सकाळपासून प्रथमच, काही लपविण्याची धडपड नव्हती. मग आम्ही तिघेही पायरीवर बसलो आणि जे बोलावयाचे होते ते बोललो.

येथपर्यंतची हकीगत आमच्या सोंग्यास शोभणारी आहे. पुढची आम्हांस शोभणारी नाही.

या औषधांनी रोगाच्या पेशींबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशीही मरतात. प्रत्येक फेरीनंतर साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत त्यांचा आकडा फार खाली जातो, आणि त्या दिवसांत क्षुल्लक जंतूही जिवावर बेतू शकतो. हे ऐकताच घरातील प्रत्येक वस्तूकडे आम्ही संशयाने पाहू लागलो. कुंड्यांतील माती, माठ, पायपुसणे, आणि अर्थातच कुत्रा. कुत्रा चाटतो, कुत्रा मातीत लोळतो, कुत्रा जगातील यच्चयावत् घाण हुंगून घरी येतो. तो जवळ नसावा असे कोणी तरी म्हणाले. कोणी म्हटले ते आता आठवत नाही, आणि आठवू नये अशीच आमची इच्छा आहे, कारण बहुधा ते आम्हीच म्हटले असावे. वाईच्या पुतण्याचे शेत आहे. तो गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. मळ्यात मजेत राहील." सोंग्या मोठ्या आनंदाने गाडीत चढला. गाडी सुटताना खिडकीतून त्याचे जे तोंड दिसले त्यावर सहलीस निघालेल्या मुलाचा हर्ष होता. आम्ही पांढऱ्या पेशींचे कारण पुढे करून आत निघून गेलो.

पहिली फेरी त्याच्यावाचून झाली. घर इतके स्वच्छ व इतके शांत झाले, की आम्ही आजारी आहोत ही एकच गोष्ट त्यात उरली. सर्व दिनक्रम औषधांच्या वेळांभोवती फिरू लागला. कोणी हसले तर ते आमच्याकडे पाहून थांबे. दिवसातून दहा वेळा 'कसं वाटतंय?' असा प्रश्न होई, आणि त्यास दहा निरनिराळी खोटी उत्तरे शोधण्यात आमची शक्ती खर्च होई. डावी वहाण उजवीच्या शेजारी, जागच्या जागी, जोडीने पडलेली असे. ती तशी पडलेली आम्हांस पाहवत नसे.

दुसऱ्या फेरीस गेलो असता डॉक्टरीणबाईंनी आमच्या शालीवरील एक काळा केस चिमटीत धरला आणि विचारले, "काका, घरी कुत्रा आहे वाटतं?" आम्ही अपराध्यासारखे सांगितले, की होता, परंतु आपल्या सांगण्यावरून त्यास गावी पाठविले आहे. "माझ्या सांगण्यावरून? मी कधी सांगितलं?" आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिले, सौभाग्यवतींनी कन्येकडे पाहिले. बाईंनी असे काहीच सांगितले नव्हते, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते! कुत्र्यास सर्व लसी टोचलेल्या असाव्या, जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यावे, त्याची घाण रोग्याने स्वतः काढू नये, तोंड व जखमा चाटू देऊ नयेत, ओरखडा निघेल असा दांडगाईचा खेळ पेशी उतरलेल्या आठवड्यात करू नये, त्यास कच्चे मांस घालू नये, आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावे. एवढे पाळले तर घरचा निरोगी कुत्रा घरीच राहण्यास हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. भयाने मनुष्य सावध होतो असे म्हणतात. आमच्या बाबतीत तो केवळ उतावळा झाला होता. त्याच रात्री वाईस दूरध्वनी केला.

सोंग्या परत आला तो कृष्णाकाठच्या चिखलासह. त्यास आधी न्हाणीघरात नेण्यात आले, आणि तेथून तो जो सुटला तो ओल्या अंगाने थेट वहाणांच्या जागी. आमच्याकडे त्याने नंतर पाहिले.

याच सुमारास नगरच्या आत्याबाईंचा दूरध्वनी आला. त्यांचे वय ८६, दृष्टी अधू, परंतु लग्नाच्या वेळच्या छायाचित्रापासून परवा पाठविलेल्या छायाचित्रापर्यंत सर्व बारकावे त्यांच्या ध्यानात राहतात. "अरे, त्या कुत्र्याला चार डोळे आहेत," त्या म्हणाल्या. "आजाऱ्याच्या उशाशी चार डोळ्यांचं कुत्रं असू नये. यमाचं असतं ते." संस्कृत शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्यास हे नवीन नव्हते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौदाव्या सूक्तात यमाचे दोन कुत्रे आहेत. सरमेची पिले, अंगावर ठिपके, चार डोळे. डोळ्यांवरील ठिपक्यांमुळेच अशा कुत्र्यास चार डोळ्यांचा म्हणत असावेत, असे पुष्कळांनी मानले आहे. ते यमाचे दूत होऊन माणसांमध्ये हिंडतात, असेही तेथे म्हटले आहे. दिवसाढवळ्या हसण्यावारी न्यावे असे हे बोलणे. परंतु पहाटे तीन वाजता, तोंडास धातूची चव आली असता आणि खाटेखाली तो प्राणी झोपेत पाय झाडीत असता, आम्हांस ते हसण्यावारी नेता येईना. अखेर दिवा लावून आम्ही ते सूक्त काढले. त्यांस दूत म्हटलेल्या त्याच ऋचेत त्या दोन कुत्र्यांपाशी मागणे आहे: आम्हांस सूर्य पाहता यावा म्हणून आमचे प्राण आम्हांस आज येथे परत द्या. ही ऋचा आम्ही किती तरी वेळा वाचली असेल, परंतु तिच्यात 'आज' हा शब्द आहे हे आमच्या लक्षात राहिले नव्हते. सकाळी आत्याबाईंस हे कळविले. "मग राहू दे," त्या म्हणाल्या, "पण दक्षिणेकडे तोंड करून बसू देऊ नकोस त्याला."

औषधांविषयी थोडे लिहितो, कारण ती आमच्या समजुतीपेक्षा अधिक मनोरंजक निघाली. त्यांतील एक औषध जास्वंदीच्या रंगाचे लाल असते आणि नळीतून अंगात उतरताना पाहिले म्हणजे अंगातून रक्त जात नसून अंगात येत आहे, असे वाटते. ते मुळात दक्षिण इटलीतील, तेराव्या शतकात बांधलेल्या एका किल्ल्याच्या परिसरातील मातीतील जंतूंपासून मिळाले, आणि त्या किनाऱ्यावरील एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे नाव पडले. दुसरे चक्क आमच्या अंगणातील सदाफुलीचे! मादागास्करहून जगभर पसरलेले, गुरे तोंड लावीत नाहीत आणि माणसे मान देत नाहीत असे हे झुडूप. त्याच्या पानांतून हे औषध काढतात, आणि एका ग्रॅमसाठी शेकडो किलो पाने लागतात. हे समजल्यावर आम्ही सदाफुलीस रोज नमस्कार करू लागलो. सोंग्याने तिसऱ्याच दिवशी ती मुळासकट उकरली. हे झाड कुत्र्याच्या पोटात जाणे बरे नव्हे, असे गुरांच्या डॉक्टरांकडून कळल्यामुळे उरलेल्या कुंड्या गच्चीवर गेल्या.

तिसऱ्या औषधाच्या गोळ्या प्रत्येक फेरीत पाच दिवस घ्यावयाच्या असत, आणि त्या पाच दिवसांत भुकेचा असा वणवा पेटे, की ताटावर आमच्या व सोंग्याच्या नजरेत फरक करणे कठीण जावे. एकदा आमच्या ताटातील पोळी त्याने पळविली. नामदेवरायांच्या पाठीमागे तूप घेऊन धावण्याच्या कथेचे आम्ही अनेक वर्षे वर्गात रसभरित वर्णन केले आहे. त्या दिवशी आम्हीही धावलो, परंतु हातात तूप नव्हते.

केस गेले तेव्हा सोंग्याने आमच्याकडे पाहून एकदा भुंकून घेतले. मग जवळ येऊन हुंगले, आतील मनुष्य तोच असल्याची खात्री करून घेतली, आणि वहाण आणावयास गेला. या विषयावर त्याने पुन्हा कधी तोंड उघडले नाही. आमच्या परिचयातील एकाही मनुष्यास हे इतक्या थोडक्यात आटोपता आले नाही.

त्यास वार्षिक लस टोचावयास नेले असता ते गुरांचे डॉक्टर आमच्या टक्कलाकडे पाहून काय समजावयाचे ते समजले. त्यांनी कोणताही विशिष्ट चेहरा केला नाही. उलट व्यवसायबंधूंशी बोलावे तसे ते बोलू लागले. हाच रोग कुत्र्यांनाही होतो, आणि त्यांना औषधेही बहुतेक हीच देतात, हे आम्ही प्रथम त्यांच्याकडून ऐकले. तेच लाल औषध, तेच सदाफुलीचे, त्याच गोळ्या. केवळ आमचे पाचवे औषध माणसाच्या पेशींवरील खूण ओळखणारे असल्यामुळे कुत्र्यास लागू पडत नाही. कुत्र्याचे केसही बहुधा गळत नाहीत, फार तर मिशा जातात. "पण मात्रा आम्ही बेताची ठेवतो," ते म्हणाले. "रोग समूळ घालवणं हा आमचा हेतू नसतो. साधारण वर्षभर तरी त्याला खेळता-खाता यावं, एवढंच बघतो." आम्ही विचारले, "आणि त्याला?" त्यांना प्रश्न कळला नाही. आम्हांस असे विचारावयाचे होते, की त्यास हे वर्ष वर्ष म्हणून ठाऊक असते काय? पण प्रश्न अपुराच राहिला, कारण सोंग्याने तेवढ्यात टेबलावरील कापसाचे बंडल उलगडले होते.

त्या संध्याकाळी आम्ही पायरीवर बसून त्याच्याकडे पाहत होतो. आमच्या खिशातील टिपणवहीत २१-२१ दिवसांचे रकाने होते, पेशींचे आकडे होते, शेवटच्या फेरीची तारीख होती, आणि त्यानंतर काय, याविषयी कोरी पाने होती. समोर असा एक प्राणी होता की ज्याच्या लेखी वहाण एक तर फेकलेली असे किंवा फेकावयाची असे. तो आमचा धीर वाढवीत होता असे आम्ही म्हणणार नाही. धीर वाढविणाऱ्यांचा आम्हांस पुरेसा पुरवठा होता. सर्व घरात ज्यास आमच्या रोगाची वार्ता नव्हती असा तो एकटाच होता, आणि म्हणून त्याच्यापुढे आम्हांस कसलेही सोंग करावे लागत नसे. थकलेलो असू तर वहाण दोन हातांवर पडे. ती तेवढीच दूर जाऊन आणण्यात त्यास कमीपणा वाटत नसे. मुळीच फेकली नाही तर तो ती घेऊन आमच्या पायांवर झोपे. कसे वाटते, असे त्याने एकदाही विचारले नाही.

कुत्र्यांच्या स्वामिनिष्ठेविषयी जे लिहिले जाते त्यात भर घालावी, अशी हकीगत मात्र आमच्यापाशी नाही. चौथ्या फेरीनंतर नवव्या रात्री आम्हांस थंडी वाजून १०१ अंश ताप आला. अशा वेळी १००.४ च्या वर पारा गेला की सकाळची वाट न पाहता इस्पितळात निघावयाचे, असा दंडक होता. पांढऱ्या पेशींपैकी जंतूंशी लढणाऱ्या पेशी ५०० च्याही खाली गेल्या होत्या, हे मागाहून कळले. घरात एकच धावपळ उडाली. दिवे लागले, कपाटे उघडली गेली, गाडी दारात आली. धन्यावरील संकट ओळखून रात्रभर आक्रंदणाऱ्या श्वानांच्या कथा आम्ही लहानपणी वाचल्या होत्या. आमचा श्वान खाटेखाली चारी पाय वर करून झोपला होता. आम्हांस दोघांनी धरून त्याच्यावरून ओलांडून नेले. त्याने एक डोळा उघडला, आणि तो रात्रीचा प्रकार आपल्या कामाचा नाही असे पाहून पुन्हा मिटला.

इस्पितळात पाच दिवस काढले. करोनाची साथ ओसरली होती तरी तेथे सर्वांच्या तोंडावर पट्ट्या असत. त्यामुळे निदान चेहरे जुळविण्याच्या श्रमातून लोक सुटले होते. तिसऱ्या रात्री फार वाईट वाटले. तेव्हा धर्मराजाबरोबर हिमालयात गेलेल्या कुत्र्याची आठवण झाली, आणि असे मनात आले की त्या कथेतील कुत्रा शेवटी कुत्रा नव्हता, साक्षात् धर्म होता. म्हणूनच एवढ्या लांबच्या वाटेत तो एकदाही खेळला नाही. आमचा असता तर त्याने युधिष्ठिराची पादुका पळविली असती, आणि स्वर्गाचा विमानप्रवास थोडा लांबणीवर पडला असता. हा विचार करीत असता झोप लागली. परत आलो तेव्हा सौभाग्यवतींनी सोंग्याचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता. त्याने आमच्या हातावरील सुईचा काळानिळा डाग दुरून हुंगला, शिंकला, आणि वहाण आणली.

पाचव्या फेरीपासून बोटांची टोके बधिर होऊ लागली. सदाफुलीच्या औषधाचा हा गुण. सदऱ्याच्या गुंड्या लावता येईनात, पुस्तकाचे पान उलटताना दोन उलटत. आम्हांस अधिक लागले ते निराळेच. सोंग्याच्या वाकलेल्या कानाच्या आतील बाजूस, मुळापाशी, फार मऊ लव आहे. तिच्यावरून बोट फिरविण्याची आम्हांस सवय जडली होती. एके दिवशी बोट फिरविले आणि तेथे काहीच नव्हते. कान दिसत होता, तो सुखाने डोळे मिटून घेत होता, परंतु आमच्या बोटास लव लागत नव्हती. रोगाने आमचे काय काय नेले याची यादी आम्ही मनात ठेवली नव्हती. हे मात्र ठेवले. मग आम्ही तळहाताने कान चोळू लागलो. सोंग्यास या फरकाचे काही वाटलेले दिसले नाही.

जुलैच्या मध्यावर सहावी फेरी आटोपली. गणपती उठल्यानंतर सप्टेंबरात सर्वांगाचे चित्र काढले. त्यात रोगाची खूण कोठे आढळली नाही. त्या दिवशी घरात पेढे आले. सोंग्यास गोड देऊ नये असे असल्यामुळे त्यास भाकरीचा तुकडा मिळाला, आणि पेढ्यांचा पुडा त्याने रात्री स्वतः मिळविला. बोटांची संवेदना यावयास पुढे आठ-नऊ महिने लागले. ती एकदम आली नाही. आधी मुंग्या आल्यासारखे होई. मग गरम पेला कळू लागला. आणि पुढच्या वर्षीच्या ज्येष्ठात, वळवाचा पाऊस चालू असता, वर्तमानपत्र वाचता वाचता हात आपोआप कानापाशी गेला तो बोटास काही तरी लागले. आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले. उजव्या हाताच्या तर्जनीस लव लागत होती. अंगठ्यास अजून नाही. अंगठ्यास ती पुरती लागत नाही ती नाहीच.

तपासण्या अजून चालू आहेत. तारीख जवळ आली की कपाटातील ती जाड फाईल बाहेर निघते, आणि घरातील बोलण्याचा स्वर अर्ध्या पट्टीने वर चढतो. सौभाग्यवती विनाकारण डबे घासू लागतात. आम्ही हल्ली व्याख्यान देत नाही. भीती वाटते, एवढे सांगून मोकळे होतो, आणि त्याही तसेच सांगतात. सोंग्या आता प्रौढ झाला आहे. हनुवटीवर पांढरे केस आले आहेत, धावणे थोडे कमी झाले आहे, परंतु लंगडण्याच्या पायाविषयी त्याचा घोटाळा पूर्वीइतकाच कायम आहे.

हे लिहीत असता रात्रीचे दहा वाजले आहेत. उद्या सकाळी आठ वाजता इस्पितळात पोहोचावयाचे आहे. फाईल टेबलावर आहे, घालावयाचे कपडे खुंटीवर आहेत, उजवी वहाण दाराशी आहे. डावी तासभर शोधूनही सापडत नाही, आणि खाटेखालून कोणी तरी आमच्याकडे चार डोळ्यांनी पाहत आहे.